साते घरी

सरकारी फिर्यादीचे म्हणणे असे होते: सन १३५६ फसलीच्या मेहेर महिन्यात, म्हणजे इंग्रजी १९४७ च्या ऑगस्टात, शुक्रवारी दोन प्रहरी, फौजेतून परतलेला शिपाई किशनराव याने आपल्या परसात बारा इसम जमवून परवानगीवाचून जलसा, म्हणजे सभा, भरवला, जलशाचा हेतू सत्याग्रह हा होता, जमावाजवळ दोनशे चाळीस टोकदार हत्यारे आणि तोफेच्या नळीसारखी एक लोखंडी वस्तू होती, आणि परगावच्या साथीदारांना इशारा मिळावा म्हणून हा जमाव तासभर सतत धूर करीत होता.

या म्हणण्यातला शुक्रवार खरा होता. हत्यारे म्हणजे बुरुडाने सोलून दिलेल्या वीतभर लांबीच्या बांबूच्या काड्या होत्या आणि त्यांच्या टोकांना जे लागले होते ते बोकडाचे होते. तोफेची नळी ही पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ होती. तिला दोन्ही अंगांनी भोके पाडलेली होती, आणि जिच्या अंगाला पंचवीस भोके आहेत अशी तोफ डागणाऱ्याखेरीज आणखी कोणाचा जीव घेईल, याचा खुलासा ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब यांनी केलेला नव्हता. धुराचे कारण एवढेच, की चरबी निखाऱ्यावर गळली की धूर होतो. हे कोणत्याही खानावळीत कळते, पोलीस ठाण्यात कळत नाही. आणि सत्याग्रह हा शब्द तर त्या परसात कोणी उच्चारलाही नव्हता. तो एका सरकारी मेजावर, सरकारी शाईने, एका सरकारी नोकराने तयार केला होता.

त्या नोकराचे नाव दत्तोपंत. निजामाच्या मुलखातल्या, जिंतूरच्या वाटेवरच्या त्या कसब्यात, मुन्सिफाच्या कोर्टात ते बावीस वर्षे दुभाषा होते. रयत मराठीत रडे, कोर्ट उर्दूत ऐके, आणि मधल्या खुर्चीत दत्तोपंत बसत. फिर्यादीतले बारा इसम हेही खरेच होते, परंतु सापडले अकरा. बारावा मागच्या भिंतीवरून उडी टाकून निसटला आणि जाताना डाव्या पायाची वहाण ठेवून गेला. ती वहाण मुद्देमालात जमा होती. तिच्या नोंदीचे भाषांतरही दत्तोपंतांनीच केले होते, आणि ‘जुनी, टाचेकडे झिजलेली, हलक्या दर्जाची’ या शब्दांपाशी त्यांना थोडा अपमान वाटला होता. कारण ती त्यांची होती.

हे घडले कसे, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

किशनराव साडेतीन वर्षे सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत होता. तिथून येताना त्याने एक अधू गुडघा आणि एक शब्द आणला. शब्द होता साते. मलायी लोकांचा. मांसाचे बोराएवढे तुकडे हळद, धने आणि आल्यात मुरवायचे, ओल्या काडीत ओवायचे, लांबट शेगडीवर निखाऱ्याच्या अगदी जवळ धरायचे, आणि शेंगदाण्याच्या आंबटगोड तिखट चटणीत बुडवून खायचे. ही हकीकत त्याची थोरली विधवा बहीण बायनाबाई हिने, जिच्या घरी तो येऊन राहिला होता, पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती म्हणाली होती, “मटनाला शेंगदाने? किसन्या, उपासाची आमटी हाय का रं ती?” दुसऱ्या खेपेला मात्र तिने न सांगता दुप्पट शेंगदाणे भाजले. मलायात ज्या सुगंधी गवताची काडी ठेचून, तिचाच कुंचा करून मांसाला तेल लावतात, ते गवत तिच्या परसात गवती चहा म्हणून वर्षानुवर्षे उगवतच होते. कोळसा बाभळीचा. शेगडी म्हणून पन्हळ.

कसब्यात मटण खाणारी घरे पुष्कळ होती. पण ज्यांना घरी चालत होते ते घरीच खात. त्यामुळे किशनरावाच्या परसात नेमके तेच जमले ज्यांना घरी चालत नव्हते. मुंजाजीबुवा आले, गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळाचे पुढारी. वासाच्या मागे आले आणि आधी रागावण्यासाठी आले. बन्सीधरशेट आले, ज्यांच्या किराणा दुकानात कांदासुद्धा विकत नसत. काशीनाथ मास्तर आले, जे चौथीच्या वर्गाला दरवर्षी भूतदयेवर निबंध घालीत. त्यांच्यामागून त्याच प्रतीचे आणखी आठजण.

दत्तोपंत शेवटचे आले. पहिली काडी उचलण्यापूर्वी त्यांनी आठ दिवस पोथ्या चाळल्या होत्या आणि जुन्या संस्कृत पाकशास्त्रात सळईवर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ असे स्वतंत्र नाव आहे, हे शोधून काढले होते. ज्या पदार्थाला संस्कृत नाव आहे तो पोटात गेल्याने माणूस बाटत नाही, फार तर त्याची उजळणी होते, असे त्यांनी स्वतःला पटवले. विद्येचा इतका उपयोग त्यांना आयुष्यात पूर्वी कधी झाला नव्हता.

आषाढ असा सुखात गेला. त्या वर्षी श्रावण दोन होते, एक अधिक आणि एक निज. श्रावणात मांस वर्ज्य. एक महिना सोसण्याची कसब्याला सवय होती. दोन महिने सोसण्याची तयारी कोणाचीच नव्हती.

किशनराव सरळ म्हणाला, “आता दोन म्हैने बंद. तुमचं धर्माचं तुमी बघा, माझ्यावर बिल फाडू नगा.”

“अधिक म्हैना मोजत न्हाईत,” मुंजाजीबुवांनी निर्णय दिला. “त्यो पंचांगातला भरतीचा माल हाय.”

अधिक गेला. निज आला. किशनरावाने पुन्हा विचारले.

“आता अधिकात मोडलाच की,” बुवा म्हणाले. “फुटल्या मडक्याला निजाचं काय कौतिक?”

तेव्हा किशनरावाने बारा चिठ्ठ्या लिहिल्या. चिठ्ठी मोडीत होती: ‘शुक्रवारी दोन प्रहरी साते घरी. गुप्त ठेवणे. या खेपेस आग जास्त. शेंगा भरपूर.’

मोडीची रीत अशी, की आधी ओळ आखायची आणि अक्षरे तिला लटकावत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे तोडायचा, हे वाचणाऱ्याच्या इमानावर सोडलेले असते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा खटला त्या एका न सोडलेल्या जागेत मावतो.

शुक्रवार हा निजामी कचेऱ्यांच्या सुटीचा दिवस. श्रावणातला शुक्रवार म्हणजे घरोघर जिवतीची पूजाही. दत्तोपंतांची पत्नी कावेरी पुरणाचा घाट घालून बसली होती. दत्तोपंतांनी पगडी चढवली.

“कुठे?”

“कचेरीत. काम आहे.”

“आज जुम्मा. कचेरीला कुलूप असतं.”

“कुलुपाचंच काम आहे,” दत्तोपंत म्हणाले, आणि बाहेर पडले. कावेरीबाईंनी जिवतीच्या चित्रावर एक अक्षत जास्त टाकली.

परसात बाराजण पन्हळीच्या दोन्ही अंगांना उकिडवे बसले होते. किशनराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काड्या फिरवत जाई आणि परत येई. आत बायनाबाई पाट्यावर दुसरा घाणा वाटत होती.

“पंत, बास झालं, तुमची ही आठवी,” बन्सीधरशेट म्हणाले.

“शेटजी, तुम्ही माझ्या काड्या मोजता? तुमच्या तराजूचे पारडे कधी मोजतो का मी?”

“मोजू द्या की,” किशनराव हसला. “त्येंच्या दुकानात वजन येगळं, हितं येगळं. हितं खरं असतंया.”

“बायनाबाई, चटणी!” मुंजाजीबुवांनी द्रोण पुढे केला.

“बुवा, मगाशी दिली की!” आतून आवाज आला.

“ती मगाशीची.”

याच क्षणी दाराची कडी वाजली आणि अमीनसाहेब चार शिपायांसह आत आले.

अमिनांची अडचण समजून घेतली पाहिजे. त्या महिन्यात संस्थानभर खरे सत्याग्रही होते. झेंडा हातात घेऊन उघड्या रस्त्याने चालत होते, लाठ्या खात होते आणि खऱ्या तुरुंगात जात होते. शेजारच्या ठाण्यांतून दर आठवड्याला त्यांच्या याद्या वर जात. या अमिनांच्या यादीत मात्र एकही नाव नव्हते. वरून विचारणा आली होती, की तुमच्याच हद्दीत सत्याग्रही का नाहीत. आणि विचारणेचा सूर असा होता, की ते नसणे हा अमिनांचा गुन्हा आहे. अशा मनःस्थितीतल्या माणसाला एका भिंतीमागून धूर दिसला आणि बाराजणांची कुजबुज ऐकू आली.

दत्तोपंत भिंतीवर कसे चढले, हे त्यांनाही नंतर आठवेना. वय बावन्न, अंगाने स्थूल. खाली पडताना डावा घोटा मुरगळला. विहिरीवर घसरलो, असे घरी सांगितले. कावेरीबाईंनी हळदीचा लेप लावला, पगडी हुंगली आणि ती बाहेरच्या खुंटीवर टांगली.

शनिवारी अमीन मुंजाजीबुवांच्या मुंडाशात सापडलेली चिठ्ठी घेऊन कोर्टात आले. त्यांना मोडी येत नव्हती.

“पढो पंत. ये क्या लिखे सो है?”

दत्तोपंतांनी चिठ्ठी पाहिली. तशीच एक त्यांच्या पंचांगात, निज श्रावणाच्या पानात ठेवलेली होती.

“शुक्रवारी दोन प्रहरी... साते... घरी,” ते म्हणाले.

“साते क्या?”

इथे दत्तोपंतांना खरे सांगता आले असते. पण साते म्हणजे काय, ते सांगितले, तर तुम्हाला कसे ठाऊक, असा पुढचा प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या पलीकडे निज श्रावण होता, जिवतीची पूजा होती, कावेरी होती, आणि एक वहाण होती. त्यांनी चिठ्ठी अमिनांपुढे सरकवली. अमिनांनी अक्षरांवरून बोट फिरवले.

“साते घरी. साते-घरी. सातेगरी...” त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “पंत, ये सत्याग्रही तो नहीं?”

दत्तोपंतांना मान हलवायची नव्हती. ती हलली. डावीकडे हलली की खाली, हे त्यांनी पुढे स्वतःला अनेकदा विचारले. त्यांनी लेखणी उचलली आणि उर्दूत, उजवीकडून डावीकडे, स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘शुक्रवारी दोन प्रहरी सत्याग्रही. गुप्त ठेवणे. या खेपेस आग जास्त. शेंगा भरपूर.’

“शेंगा मतलब?” अमिनांनी विचारले.

“शेंगा म्हणजे शेंगा,” दत्तोपंत म्हणाले. एवढे तरी ते खरे बोलले.

“कारतूस होंगे,” अमीन म्हणाले, आणि समाधानाने गेले.

सोमवारी खटला उभा राहिला. मुन्सिफसाहेब हैद्राबादेहून बदलून आलेले, शिकलेले आणि आजारी गृहस्थ होते. पोटाच्या दुखण्यामुळे हकिमाने त्यांना तीन वर्षे मुगाच्या खिचडीवर ठेवले होते. वर्षभरात त्यांना मराठी थोडीफार समजू लागली होती, पण ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलेली नव्हती.

मेजावर काड्यांचा भारा, पन्हळ आणि वहाण ठेवलेली होती. दत्तोपंत नव्या करकरीत वहाणा घालून, किंचित लंगडत आपल्या खुर्चीत येऊन बसले.

किशनरावाचे म्हणणे सरळ होते. जलसा नव्हता, मटण होते. मुन्सिफांना ते पटण्यासारखे होते. पण कायद्याला साक्ष लागते. खाणाऱ्या अकरांपैकी एकाने जरी ‘खाल्ले’ म्हटले असते, तरी प्रकरण तिथेच मिटले असते. न म्हटले, तर जलसा शाबीत आणि भरवणाऱ्याला सहा महिने कैद. हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले आणि दत्तोपंतांनी ते मराठीत स्पष्ट ऐकवले.

मुंजाजीबुवांना पहिल्याने उभे केले.

“त्या परसात तुम्ही मटण खात होता, असं मुलजिम म्हणतो. खरं?” कोर्टाचा प्रश्न दत्तोपंतांनी मराठीत आणला. विचारताना ते बुवांच्या बुक्क्याकडे पाहत होते आणि बुवा त्यांच्या वहाणांकडे.

“पांडुरंग, पांडुरंग!” बुवांनी माळेला हात लावला. “सरावनात मटन? सरकार, जीभ झडंल.”

“मग कशाला जमला होता?”

“सरकार उलथायला.”

मुन्सिफांनी लेखणी खाली ठेवली. भाषांतराची वाट त्यांनी पाहिली नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

“कुठलं सरकार?”

“हेच की. तुमचं.” बुवा हात जोडून नम्रपणे म्हणाले. “दुसरं कुटलं हाय हितं?”

बन्सीधरशेटही उलथायलाच आले होते. कसे उलथणार होता, या प्रश्नावर ते म्हणाले, “ते अजून ठरायचं व्हतं. मी जरा उशिरा पोचलो.” काशीनाथ मास्तर स्वातंत्र्यावर पाव तास बोलले आणि चांगले बोलले.

“सगळ्यांची बोटं तेलकट होती असं पंचनाम्यात आहे,” मुन्सिफांनी विचारले.

“झेंड्याच्या काठीला तेल लावत होतो, हुजूर,” मास्तर म्हणाले.

“झेंडा कुठे आहे?”

“झेंडा पुढल्या शुक्रवारी यायचा होता.”

अकरांपैकी अकरांनी राजद्रोह कबूल केला आणि अकरांपैकी अकरांनी मटण नाकारले. माणसे तुरुंगाला भितात, असे राज्यकर्ते समजतात. ते चूक आहे. ही माणसे भीत होती ती घरच्या चुलीला आणि गावच्या ओट्याला. शिवाय तुरुंगाची भीती उरलीच नव्हती. ज्याला सत्याग्रहाची हवा लागली आहे त्याने ‘किशनरावाने फसवून नेले, पुन्हा जाणार नाही’ असा मुचलका लिहून द्यावा आणि घरी जावे, अशी सवलत अमिनांनी आधीच जाहीर केली होती. दुपारपर्यंत अकरा राजद्रोही मुचलके देऊन घरी गेले. लाठ्या खाऊन जे नाव दुसऱ्यांनी मिळवले होते ते यांनी तोंड पुसण्यासाठी वापरले. शब्दाचा अर्थ घ्यायचा झाला, तर त्या कोर्टात सत्याचा आग्रह धरणारा एकच माणूस होता, आणि तो आपण सत्याग्रही नसल्याचे सांगत होता.

दाराशी गलका झाला. बायनाबाई आली होती.

“मला इचारा! म्या वाटल्यात शेंगा!”

“बाई, तुमचं नाव यादीत न्हाई,” शिपाई म्हणाला.

“मंग चटनी कुनी केली रं, तुज्या यादीनं?”

तिला बाहेर काढण्यात आले. सगळे जिला ठाऊक होते ती एकटी बाहेर उभी राहिली, आणि ते योग्यच होते. कोर्टाला पुरावा हवा होता, माहिती नको होती.

आता किशनराव पुढे आला. अधू गुडघ्यामुळे त्याने कठड्याला धरले.

“सरकार, काय बी सजा द्या. फटके द्या. पर आत नगा घालू. साडेतीन वर्सं तारंच्या आत काढल्यात म्या. आता पुन्यांदा आत गेलो तर भाईर येनार न्हाई.”

दत्तोपंतांनी हे उर्दूत सांगितले. आवाज त्यांचा नेहमीचाच होता.

“हा पदार्थ शिकलास कुठे?” मुन्सिफांनी विचारले.

“तारंच्या आतच. भाईर एक मलायी म्हातारा गाडा लावायचा. आमची हाडं बगून त्यानं येक दिस दोन काड्या तारंतनं आत सारल्या. पहाऱ्यावाल्यानं धरला. काय दिलंस म्हून इचारलं. म्हाताऱ्याला म्हनता आलं असतं, काय न्हाई दिलं. पर त्यो म्हनला, साते. लय मारला त्येला. दुसऱ्यांदा इचारलं, तर पुन्यांदा म्हनला, साते. त्येवढंच बोलनं झालं आमचं. नाव बी म्हाईत न्हाई त्येचं मला. म्हून ह्ये नाव ध्येनात ठिवलं.”

दत्तोपंत भाषांतर करू लागले. ‘साते’पाशी ते अडखळले. दुसऱ्या ‘साते’पाशी त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागला.

“करतात कसा?” मुन्सिफ पुढे झुकले. हा प्रश्न फिर्यादीला आवश्यक होता असे म्हणवत नाही; तीन वर्षांच्या खिचडीला तो आवश्यक होता. “पूरा बताओ.”

किशनराव सांगत गेला आणि दत्तोपंत उर्दूत सांगत गेले. तुकडे बोराएवढे. हळद, धने, आले, किंचित गूळ. काड्या रात्रभर पाण्यात, नाहीतर जळतात. मुन्सिफांचे डोळे अर्धवट मिटले होते. किशनराव म्हणाला, “मंग इस्तवावर धरायचं आन् त्येल लावत जायचं.”

दत्तोपंत म्हणाले, “फिर अंगारों पर रखना, और गवती चाय की डंडी को कूटकर, उसी के कुंचे से तेल लगाते जाना, हल्के हल्के, के ख़ुशबू अंदर तक उतरे.”

मुन्सिफांनी डोळे उघडले.

“मुलजिम ने चाय का नाम कब लिया, मुंशीजी?”

बावीस वर्षांत दत्तोपंतांनी पक्षकारांच्या बोलण्यातून कमी केले होते. भर कधी घातली नव्हती. मुन्सिफांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या नव्या वहाणांवर गेली, तिथून मुरगळलेल्या घोट्यावर, आणि तिथून मेजावरच्या डाव्या पायाच्या जुन्या वहाणेवर येऊन थांबली.

“म्या सांगितलं की, सरकार,” किशनराव घाईने म्हणाला. “हळू बोललो. पंतास्नी ऐकू आलं, तुमास्नी न्हाई आलं. पंत शुद्ध मानूस हाय. त्येंना काय ठावं मटनाचं?”

त्या संबंध खटल्यात किशनराव बोललेले हे एवढे एकच खोटे. त्याने ते स्वतःसाठी वापरले नाही.

त्याचे भाषांतर करणे दत्तोपंतांच्या कामाचा भाग होता. त्यांनी तोंड उघडले. ‘पंत शुद्ध मानूस हाय’ याला उर्दूत चांगले, वजनदार शब्द होते. पाच-सहा तर जिभेवरच होते. त्यांतला एकही बाहेर येईना. बाहेर बायनाबाई अजून शिपायाशी भांडत होती. दत्तोपंतांनी लेखणी मेजावर ठेवली, लंगडत आपल्या खुर्चीतून उठले, मेजावरची वहाण उचलली आणि कठड्याच्या आत, किशनरावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“पंत, येड लागलं का?” किशनराव कुजबुजला. “जावा तिकडं. तुमची बायकू जेवाय घालनार न्हाई.”

“सरक थोडा,” दत्तोपंत म्हणाले.

त्या दिवशीच्या दप्तरातले बाकी सर्व कागद उर्दूत आहेत. एकच बयान मराठीत आहे, कारण दुभाषाच मुलजिमाच्या जागी उभा राहिल्यामुळे भाषांतर करायला कोर्टात कोणी उरले नव्हते. ते अक्षरशः असे:

‘मी दत्तोपंत, वय वर्षे बावन्न, धंदा सरकारी दुभाषा. खऱ्याखेरीज बोलणार नाही. साते घरी हे दोन शब्द आहेत. ते मी जोडले. साते म्हणजे मटण. ते मी खाल्ले. आषाढात खाल्ले, अधिकात खाल्ले, निजातही खाल्ले. शुक्रवारी सात काड्या खाल्ल्या. आठवी हातात होती, ती टाकवेना, म्हणून एका हाताने भिंत धरली आणि पडलो. वहाण माझी आहे. ती हलक्या दर्जाची नाही, तसे लिहिले ते चूक आहे. सरकार उलथण्याविषयी त्या परसात काहीही बोलणे झाले नाही. बोलायला तोंड कोणाचे मोकळे नव्हते. बाकीच्या अकरांनी काय खाल्ले ते त्यांना विचारावे. मुंजाजीबुवांनी चटणी दोनदा मागून घेतली, एवढे मी पाहिले. मीठ किंचित कमी होते.’